पाठीखालचा गारठा: हॅमॉकच्या अंथरुणाची पाचशे वर्षांची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय जरा वेगळा आहे. दोन झाडांच्या मधे टांगलेल्या हॅमॉकमध्ये झोपलेल्या माणसाची पाठ का गारठते, आणि तो गारठा घालवायला माणसाने आजवर काय काय केलं, याची ही गोष्ट आहे. कोणत्या थंडीला कोणतं अंडरक्विल्ट घ्यायचं, हेही शेवटी बोलूच. पण आधी इतिहास. तो एकदा कळला की खरेदीचं अर्धं काम तिथेच होतं.

अंडरक्विल्ट हा शब्द काही जण पहिल्यांदाच ऐकत असतील. आपल्या मराठीत एक मस्त जोडशब्द आहे, अंथरूण-पांघरूण. खाली घालतो ते अंथरूण, वर घेतो ते पांघरूण. अंडरक्विल्ट म्हणजे हॅमॉकचं अंथरूण. गंमत अशी की हे अंथरूण हॅमॉकच्या आत नसतं. ते बाहेरून, खालच्या बाजूला, इलॅस्टिकच्या दोरीने टांगलेलं असतं. म्हणजे तुम्ही त्याच्यावर झोपतच नाही. ते तुमच्या पाठीखाली कापडाला हलकेच टेकून लोंबत असतं.

आता तुम्ही म्हणाल, ज्याच्यावर झोपायचंच नाही ते अंथरूण कसलं? बरोबर. सगळी गोष्ट याच प्रश्नात आहे.

खाली जाळ, वर माणूस

हॅमॉक ही युरोपची वस्तू नाही. ऑक्टोबर १४९२ मध्ये कोलंबस बहामा बेटांवर पोचला, तेव्हा तिथले ताइनो लोक सुती जाळ्यांसारख्या टांगत्या बिछान्यात झोपत होते. त्याने तशी नोंद करून ठेवली आहे. ताइनोंचा शब्द होता ‘हमाका’. तो स्पॅनिशमध्ये गेला आणि तिथून इंग्रजीत येऊन ‘हॅमॉक’ झाला.

हे बिछाने उष्ण प्रदेशासाठीच होते. जमिनीवरचे साप-किडे नकोत, ओल नको, आणि खालून वारा खेळता राहावा. ज्या वाऱ्याला आज आपण शिव्या घालतो, तो तिथे हवाच होता! पण पावसाळी रात्री उष्ण प्रदेशातही अंगावर काटा येतो. मग ते काय करायचे? हान्स स्टाडेन नावाचा एक जर्मन माणूस १५५० च्या दशकात ब्राझीलमध्ये तुपिनांबा लोकांच्या कैदेत होता. सुटून आल्यावर १५५७ मध्ये त्याने पुस्तक छापलं. त्यात तो सांगतो की हे लोक टांगत्या जाळ्यात झोपतात आणि रात्रभर जवळ विस्तव ठेवतात. अमेझॉनच्या खोऱ्यातल्या अनेक जमाती आजही हॅमॉकच्या खाली किंवा शेजारी छोटा जाळ करतात.

म्हणजे बघा, ज्यांनी हॅमॉक शोधलं, त्यांना त्याची खोड पहिल्यापासून माहीत होती. ऊब खालून द्यावी लागते. वरून कितीही पांघरा, पाठ गारच राहते.

आरमाराची गादी

हॅमॉक युरोपात आलं आणि जहाजावर जाऊन बसलं. इंग्लंडच्या आरमाराने १५९७ च्या सुमारास ते खलाशांसाठी अधिकृतपणे स्वीकारलं. कारण साधं होतं. जहाज डोललं की हॅमॉकही त्याच्याबरोबर डोलतं, माणूस खाली पडत नाही. आणि सकाळी गुंडाळलं की जागा मोकळी. एका माणसाला हॅमॉक टांगायला किती जागा मिळायची माहितीये? १४ इंच. मुंबईच्या लोकलमध्ये चौथी सीट मिळते ना, तसाच मामला. अर्धे लोक पहाऱ्यावर असायचे म्हणून प्रत्यक्षात थोडं सैल व्हायचं, एवढंच.

पण हे खलाशी कॅरिबियनमध्येच नव्हते, उत्तर अटलांटिकच्या थंडीतही होते. तिथे जाळीदार सुती बिछाना कसा चालणार? म्हणून आरमाराचं हॅमॉक जाड कॅनव्हासचं झालं आणि त्याच्या आत लोकरीच्या वगैरे चिंध्या भरलेली एक पातळ गादी आली. आपल्याकडे साडीच्या झोळीत बाळाला ठेवताना खाली दुपटं घालतात ना, तसंच.

आता हे बाळाला पुरतं, मग मोठ्या माणसाला का पुरत नाही? बाळ असतं चार किलोचं. त्याच्या वजनाने दुपटं फारसं दबत नाही. मोठा माणूस झोपला की खालची गादी चपाती होते. खलाशांचं निभावलं, कारण ते डेकच्या खाली झोपायचे. तिथे वारा नव्हता आणि शेजारी शेकडो माणसांची ऊब होती. तुम्ही-आम्ही उघड्या जंगलात झोपतो तेव्हा यातलं काहीच नसतं.

रमफर्डचा ग्रॅमभर रेशीम

चपाती झालेली गादी ऊब का देत नाही, हे ज्याने मोजून दाखवलं तो माणूस भारी नमुना होता. बेंजामिन थॉम्प्सन. जन्म १७५३ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधला. स्वातंत्र्ययुद्धात त्याने इंग्रजांची बाजू घेतली आणि मग तो युरोपात निघून गेला. तिथे बव्हेरियाच्या इलेक्टरच्या पदरी राहून त्याने सैन्य सुधारायचं काम घेतलं. पुढे तो ‘काउंट रमफर्ड’ झाला. सैनिकांना स्वस्तात गरम कपडे कसे द्यायचे, हा त्याच्यापुढचा खरा प्रश्न होता.

त्याने काय केलं? एक थर्मामीटर काचेच्या नळीत बसवला. थर्मामीटरच्या गोळ्याभोवती जी मोकळी जागा उरली, तिथे एकेक पदार्थ भरला. रेशीम, लोकर, कापूस, सशाचे केस, आयडर नावाच्या समुद्री बदकाची मऊ पिसं. प्रत्येक वेळी वजन तेवढंच, १६ ग्रेन, म्हणजे साधारण एक ग्रॅम. मग हे सगळं उकळत्या पाण्यात तापवायचं, बर्फाच्या पाण्यात बुडवायचं, आणि ठरावीक अंश उतरायला किती सेकंद लागतात ते मोजत बसायचं.

नळीत नुसती हवा असताना ५७६ सेकंद लागले. आयडरच्या पिसांना १,३०० च्या आसपास. कच्च्या रेशमाला १,२८४. आता मजा ऐका. तेच रेशीम, तेवढ्याच वजनाचं, पण पीळ घालून शिवणाचा दोरा केलेलं. त्याला फक्त ९१७.

पदार्थ तोच, वजन तेच. मग ऊब कुठे गेली? रमफर्डने बरोबर ओळखलं की ऊब रेशमात नव्हतीच. ती रेशमाच्या तंतूंमध्ये अडकून पडलेल्या हवेत होती. तंतूंचं काम फक्त त्या हवेला हलू न देण्याचं. पीळ घातला, दाबलं, की अडकलेली हवा निघून जाते आणि तिच्याबरोबर ऊबही. हा निबंध १७९२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला आणि त्याच वर्षी त्याला त्यांचं कॉप्ली पदक मिळालं.

आता हे हॅमॉकला लावून बघा. महागडी स्लीपिंग बॅग घेऊन तुम्ही हॅमॉकमध्ये शिरलात. वरची बाजू फुगलेली आहे, तिथे हवा आहे, छाती मस्त उबदार. पण पाठीखालची बाजू तुमच्या ६०-७० किलो वजनाने दाबली गेली. तिथे बॅग उरलीच नाही, दोन कापडं उरली. रेशमाचा दोरा झाला तिचा! जमिनीवर झोपलात तर निदान खालून वारा येत नाही. हॅमॉकमध्ये त्या दोन कापडांच्या खालून रात्रभर गार वारा वाहत असतो.

एव्हरेस्टवरचा हिरवा कोट आणि आपलं पुणं

रमफर्डचं म्हणणं शास्त्रज्ञांना पटलं, पण कपडे शिवणाऱ्यांपर्यंत आणि घालणाऱ्यांपर्यंत पोचायला फार वेळ लागला. १९२२ सालची ब्रिटिशांची एव्हरेस्ट मोहीम घ्या. बहुतेक गिर्यारोहक लोकरीचे थर आणि ट्वीडचे कोट घालून निघाले होते. त्यांच्यात जॉर्ज फिंच नावाचा एक ऑस्ट्रेलियात जन्मलेला रसायनशास्त्रज्ञ होता. त्याने स्वतःसाठी एक कोट बनवून घेतला होता. बाहेरून बलूनचं कापड, कारण त्यातून वारा आत शिरत नाही. आणि आत आयडर बदकाची पिसं. रंग हिरवागार. सुरुवातीला लोक हसले. वर गेल्यावर, गार वारा सुटल्यावर, हसणं थांबलं आणि हेवा सुरू झाला.

२७ मे १९२२ ला फिंच आणि जेफ्री ब्रूस ऑक्सिजन वापरून सुमारे ८,३२० मीटरपर्यंत पोचले. तोवर इतक्या उंचीवर कुणी चढलं नव्हतं. तरीही १९२४ च्या मोहिमेत फिंचला घेतलं नाही. माणूस फटकळ होता, ‘आपल्यातला’ वाटत नव्हता. पण आज रेल्वे स्टेशनवर जो तो फुगीर डाऊन जॅकेट घालून फिरतो, त्याचा पूर्वज हा हिरवा कोट आहे.

आणि हे ऐकून पुणेकर कॉलर ताठ करतील. हाच जॉर्ज फिंच १९५२ ते १९५७ या काळात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा, म्हणजे आपल्या एनसीएलचा संचालक होता. २९ मे १९५३ ला तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले, तेव्हा त्या डोंगरावर पिसांचा कोट पहिल्यांदा नेणारा माणूस पाषाण रोडवरच्या या संस्थेचा प्रमुख होता. पाषाण रोडवरून किती वेळा गेलो असेन मी! ही गोष्ट कळल्यापासून ते गेट मला वेगळंच दिसतं.

फिंचच्या कोटातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. आत न दबलेली पिसं, बाहेर वारा अडवणारं कापड. अंडरक्विल्ट म्हणजे नेमकं हेच, फक्त अंगात घालायच्या ऐवजी खाली टांगलेलं.

एका वाटेवर तीन ऋतू

हे टांगायचं डोकं चाललं अमेरिकेत, अ‍ॅपलाचियन ट्रेलवर. जॉर्जिया राज्यापासून मेनपर्यंत, १४ राज्यांतून जाणारी, साधारण ३,५०० किलोमीटरची पायवाट. लोक मार्च-एप्रिलमध्ये दक्षिणेकडून निघतात आणि उत्तरेला पोचेपर्यंत पाच-सहा महिने जातात. सुरुवातीला ग्रेट स्मोकी पर्वतात दोन हजार मीटर उंचीवर बर्फ लागू शकतं. जुलैमध्ये मधल्या राज्यांत आपल्या कोकणासारखा दमट उकाडा. आणि शेवटी मेनमध्ये शरद ऋतूतली थंडी. सगळं सामान स्वतःच्या पाठीवर.

या वाटेवर हॅमॉक सोयीचं. जमीन उताराची, दगडांची, मुळांची, पण झाडं भरपूर. फक्त थंडीतच घोडं पेंड खायचं. आधी लोकांनी फोमची मॅट हॅमॉकमध्ये घालून पाहिली. ती रात्री सरकते. खांदे तिच्या बाहेर येतात आणि गारठतात. पाठीला घाम येतो तो वेगळाच. मग काही जणांनी रजई बाहेरून टांगून बघितली, आणि जमलं. पहिली कित्येक अंडरक्विल्ट लोकांनी घरच्या शिलाई मशीनवर शिवली. २००३ मध्ये एड स्पीअर यांचं हॅमॉक कॅम्पिंगवरचं पुस्तक आलं, आणि त्याच सुमारास छोटे छोटे उद्योजक ती शिवून विकायला लागले. मोठ्या कंपन्यांच्या आधी हे काम शिलाई मशीनवर बसलेल्या चालणाऱ्यांनी केलं, हे मला फार आवडतं.

मग घ्यायचं कोणतं?

आता हा सगळा इतिहास खिशात टाकून दुकानात जाऊ.

पहिलं, ते लागतं कधी? हॅमॉकमध्ये झोपणारे लोक साधारण २० अंश सेल्सिअसचा आकडा सांगतात. त्याच्या खाली पारा गेला की बहुतेकांना पाठीला गार लागायला लागतं. ऐकायला विचित्र वाटतं, कारण २० अंशांत घरी आपण पंखा लावतो. पण घरी खाली गादी असते, इथे वारा.

दुसरं, आकडे. बहुतेक अंडरक्विल्ट अमेरिकन फॅरनहाइटमध्ये विकली जातात. ४० म्हणजे सुमारे ४ अंश सेल्सिअस, २० म्हणजे उणे ७, आणि शून्य म्हणजे उणे १८. पण हे आकडे जपून वाचा. स्लीपिंग बॅगसाठी आयएसओ २३५३७ नावाचं मानक आहे. त्यात बॅगेत एक गरम केलेला पुतळा ठेवून मोजतात, पण तो मॅटवर आडवा ठेवलेला असतो, हॅमॉकमध्ये नाही. त्यामुळे अंडरक्विल्टवरचा आकडा हा बनवणाऱ्याचा अंदाज असतो. शिवाय कुणाला थंडी जास्त वाजते, कुणाला कमी. म्हणून अपेक्षित थंडीपेक्षा पाच-सहा अंश जास्त झेलणारं घ्या. रात्री ५ अंश होणार असेल तर शून्याच्या आसपासचं.

तिसरं, आत काय भरलंय. डाऊन, म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या छातीवरची मऊ पिसं, हलकं असतं आणि मुठीएवढं दाबून पिशवीत बसतं. पण ओलं झालं की पिसं एकमेकांना चिकटतात, हवा जाते आणि ऊबही जाते. सिंथेटिक जड असतं, जागा खातं, पण ओलं झालं तरी बऱ्यापैकी काम करतं आणि स्वस्त पडतं. कोरड्या थंडीत डाऊन, दमट हवेत सिंथेटिक, असा साधा हिशोब धरा. डाऊनवर ‘८०० फिल पॉवर’ असं लिहिलेलं असतं. एक औंस पिसं किती घनइंच जागा फुगून व्यापतात, त्याचा तो आकडा. म्हणजे शेवटी मोजतोय काय आपण? रमफर्डची हवाच!

चौथं, लांबी. पूर्ण लांबीचं खांद्यापासून पायापर्यंत येतं. पाऊण लांबीचं खांद्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत. त्यात वजन वाचतं, पण पोटऱ्या-पावलांखाली फोमचा तुकडा घालावा लागतो. कडक थंडीत पूर्णच घ्या. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण इथे अगदी शब्दशः लागू पडते.

पाचवं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, बसवणं. उणे १८ चं अंडरक्विल्ट नीट बसलं नाही तर ४ अंशांतही कुडकुडाल. फार सैल टांगलं तर पाठ आणि क्विल्टच्या मधे पोकळी राहते, तिथे गार हवा फिरते. फार घट्ट ओढलं तर पिसं दाबली जातात. टेकलेलं हवं, पण दबलेलं नको. तुम्ही आत झोपा आणि मित्राला खालून हात घालून बघायला सांगा. दोन्ही टोकांच्या दोऱ्या आवळून तोंडं बंद करा, म्हणजे तिकडून वारा शिरणार नाही.

सहावं, बदलत्या तापमानाचं काय? एका ट्रिपमध्ये संध्याकाळी १८ आणि पहाटे ६ अंश असू शकतं. झोपताना टोकाची दोरी थोडी सैल ठेवा, हवा खेळू द्या. पहाटे गार लागलं की आवळा. उकडलं तर क्विल्ट पूर्ण बाजूला सरकवता येतं. आणि वर्षभरासाठी एकच घ्यायचं असेल तर उणे ७ च्या आसपासचं घ्या, असं मी सुचवेन. जाड क्विल्ट सैल करून उकाडा कमी करता येतो. पातळ क्विल्ट ओढून जाड होत नाही.

आता आपल्या सह्याद्रीचं. मे महिन्यात कोकणात याची गरजच नाही, तिथे ताइनोंसारखा खालचा वारा गोड मानून घ्या. डिसेंबर-जानेवारीत भंडारदऱ्यासारख्या ठिकाणी रात्री कधीकधी पारा १० च्या खाली जातो आणि वारा असतो. तिथे ४ अंशांचं हलकं सिंथेटिक पुरेल. हिमाचल-उत्तराखंडच्या देवदारांत जाणार असाल तर उणे ७ चं घ्या, आणि वारा अडवायला त्याच्या खाली पातळ कापडाचं कव्हर.

आणि हे सगळं महाग वाटतंय? वाटणारच. मग आधी एक प्रयोग करा. जुन्या सिंथेटिक स्लीपिंग बॅगची चेन पूर्ण उघडा, चारही कोपऱ्यांना इलॅस्टिकची दोरी बांधा आणि हॅमॉकखाली टांगा. एक रात्र गच्चीत किंवा घरामागच्या झाडांना बांधून झोपून बघा. आजीची गोधडीही टांगता येईल, पण ती सुती, दवाने भिजते आणि वजनाने खाली ओघळते, म्हणून जंगलात तिच्यावर विसंबू नका. तिची जागा हॅमॉकच्या आत, अंगावर.

शेवटची गोष्ट जरा गंभीरपणे सांगतो. थंडीने झोप मोडणं वेगळं आणि शरीराचं तापमान घसरणं वेगळं. हुडहुडी थांबेना, बोलताना जीभ अडखळायला लागली, हातांनी चेन लागेना, तर सकाळची वाट बघू नका. सोबत्यांना उठवा, ओले कपडे बदला, जाड मॅट घालून आडोशाला झोपा, मदत बोलवा. म्हणूनच नवीन अंडरक्विल्ट घेऊन पहिल्यांदा जाताना एक फोमची मॅट सोबत असू द्या. दोरी तुटू शकते, क्लिप निसटू शकते. आणि हॅमॉक बांधायला रुंद पट्टे वापरा, बारीक दोरीने झाडाची साल सोलवटते.

तर मंडळी, तुपिनांबांनी खाली विस्तव ठेवला, खलाशांनी गादी घातली, रमफर्डने हवा मोजली, फिंचने ती कोटात भरली आणि ट्रेलवरच्या लोकांनी ती झाडांच्या मधे टांगली. तुमच्याकडे यातलं काय आहे, आणि किती अंशांपर्यंत त्याने साथ दिली, ते मला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर पाठ सांभाळा!